बोळ्याचं दूध

देवाची शपथ, वांद्र्याच्या मोतमाउलीची शपथ, माझ्या उरल्यासुरल्या दातांची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे! ज्याला खोटं वाटत असेल त्याने आत्ताच उठून विहिरीवर जावं, तोंड धुवावं आणि परत येऊन गुमान बसावं.

आणीबाणी लागली त्या सालची गोष्ट. वसईतल्या निर्मळच्या अलीकडे, आमच्या आळीत ॲन्सेल्मचं घर होतं. पुढे अंगण, मागे केळीची वाडी, कडेला मोगऱ्याचे दोन वाफे. घरात माणसं तीन. ॲन्सेल्म, त्याची आई मार्था आणि त्याची बायको रेजिना. चौथं माणूस मे महिन्यात यायचं होतं. आलं, आणि आल्या पावली गेलं.

बाळ जन्मलं तेच निळं. सुईणीचे दोन्ही हात रेजिनात गुंतलेले. ती ओरडली, “पाणी घाला गो पोराला, वेळ नाही!” अशा वेळी पाद्रीची वाट बघायची नसते. घरातल्या कुणीही बाळाच्या डोक्यावर पाणी ओतावं, बाप्तिस्म्याचे शब्द म्हणावेत, झालं. मार्था उठली आणि धावली ती अल्ताराकडे, घरातल्या देवाच्या फळीकडे. ईस्टरचं आशीर्वादाचं पाणी तिने बाटलीत भरून ठेवलेलं. बाटली नेमकी जागेवर नाही. फळी बघितली, कपाट बघितलं, शेवटी मेणबत्त्यांच्या खोक्यामागे सापडली. ती घेऊन आली तोवर सुईणीने बाळावर फडकं ओढलं होतं.

आणि खाटेच्या पायाशी तांब्या भरलेला होता. विहिरीचं पाणी, सकाळीच काढलेलं. ते चाललं असतं. कुठलंही चाललं असतं. हे मार्थाला लहानपणापासून पाठ होतं, पण ‘पाणी’ म्हटल्यावर त्या घडीला तिच्या डोक्यात एकच पाणी आलं.

बिनपाण्याचं लेकरू म्हणून ते सिमेटरीच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात पुरलं, क्रूस न लावता. नवे पाद्री सांगत होते, बाबांनो, देव काही एवढ्यातेवढ्यावरून दार लावून घेत नाही. पण आळीतली म्हातारी माणसं ऐकतात होय? मार्थाने वाडीतल्या मोगऱ्याच्या कळ्या आणून रेजिनाच्या छातीला बांधल्या, दूध आटावं म्हणून. दूध आटलं. त्याबरोबर सासूसुनेतलं बोलणंही आटलं. मीठ कुठे आहे, कोंबड्या कोंडल्या का, एवढंच उरलं. तांब्याचं नाव दोघींपैकी कुणी काढलं नाही.

पावसाळा सरला. रेजिनाने पत्र्याची ट्रंक खाटेखालून ओढून त्यात लुगडी घालायला सुरुवात केली. मनाशी ठरवून टाकलं होतं तिने. नोव्हेंबरातला मृतांचा दिवस आला की कोपऱ्यात फुलं ठेवायची आणि वाघोलीला माहेरी निघून जायचं. परत यायचं नाही. ॲन्सेल्मला ट्रंक दिसली होती. तो बिचारा केळीच्या बागेत जाऊन उगाच पाती छाटत बसायचा.

तेवढ्यात मनीचं झालं. मनी म्हणजे गोठ्यातली मांजर. ती पेंढ्यात व्याली आणि मांजरींच्या रीतीप्रमाणे पिल्लं तोंडात धरून या घरातून त्या घरात हलवत सुटली. एका सकाळी रेजिना केळी वाळवून सुकेळी करायच्या मांडवाखाली गेली, तर वाळलेल्या पानांत एकच पिल्लू. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, अंगावर तांबूस लव. एवढंसं, की चहाच्या बशीत झोपवलं असतं तर बशीत जागा उरली असती.

“हात लावू नको गो,” मार्था दारातून म्हणाली. “ती सात घरं फिरवते. येईल न्यायला. माणूस जवळ दिसलं तर यायची नाही.”

हे मार्थाने बरोबर सांगितलं. मांजरीचं पिल्लू एकटं दिसलं म्हणजे टाकलेलंच असतं असं नाही. रेजिना लांब चिकूच्या झाडाखाली बसली आणि बघत राहिली. दुपार झाली. पिल्लू आधी ओरडत होतं, मग नुसतं तोंड उघडायचं, आवाज यायचा नाही.

उन्हं उतरता सत्यवती आली. ही खाडीकडच्या शेतकऱ्याघरची, शेळ्या राखायची आणि आमच्या आळीतून फुलांची टोपली घेऊन जायची. म्हणाली, “बाय, तुमची मनी बघितली मी. बोळिंजच्या रस्त्याला, यष्टीखाली. बाकीची पिल्लं कुठं नेली तिनं, देवाला म्हायती.”

रेजिना उठली, मांडवाखाली वाकली आणि पिल्लू उचललं. विहिरीतल्या दगडासारखं गार.

“दूध घाल आधी,” मार्था म्हणाली.

“गार पोटात दूध जिरायचं नाही,” रेजिना म्हणाली, आणि तिने ते पोलक्यात छातीशी धरलं. थोड्या वेळाने ऊब लागली तशी ते हललं. डोकं इकडून तिकडे घासत काहीतरी शोधायला लागलं. मग पुढचे दोन पाय उघडमीट करत पीठ मळल्यासारखं दाबायला लागलं. आईच्या पोटाला असं दाबलं की दूध उतरतं, तेवढं त्याला जन्मतः ठाऊक. रेजिना भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

सत्यवतीने शेळीचं दूध धाडलं आणि निरोप द्यायला पाठोपाठ स्वतःच आली. “कोमट कर. कापसाचा बोळा बुडव आनि थेंब थेंब चोखू दे. आनि पोरासारखं उतानं धरशील, तर दूध छातीत जाऊन मरंल. पालथं ठेव. आईखाली पडतं तसं.”

ॲन्सेल्म ओट्यावरून म्हणाला, “मला आळीत सगळे म्हणतातच, हा बोळ्याने दूध पितो म्हणून. आता घरात दोघे झालो.”

मे महिन्यानंतर त्या घरात कुणीतरी हसलं असेल तर ते तेव्हा. कोण हसलं ते विचारू नका. सत्यवतीच हसली.

पिल्लू प्यायलं. रेजिनाने बाटलीत गरम पाणी भरून बाटलीला जुनं लुगडं गुंडाळलं आणि टोपलीत पिल्लाच्या कुशीला ठेवली. पण ते झोपेना. परत ओरडायला लागलं. रेजिनाला वाटलं, भूक. परत पाजलं. परत ओरडलं, परत पाजलं. दुसऱ्या दिवशी पोट टम्म. टिचकी मारली तर वाजेल असं. पाय ताठ. बोळा तोंडाशी नेला की मान फिरवायचं.

“वारा धरलाय पोटात,” मार्था म्हणाली. तिने हिंग उगाळला आणि बेंबीभोवती लावला, आपण तान्ह्या पोरांना लावतो तसा. बिचाऱ्याला आधीच कळ, त्यात हिंगाचा वास. नाक मुरडायचीही ताकद उरली नव्हती. शेजारची फ्लॉसी डोकावून म्हणाली, “सोड ना गो. मांजराच्या पिल्लासाठी एवढं कोण करतं?”

रेजिनाने तिच्याकडे असं बघितलं की फ्लॉसी पदर सावरत घरी गेली.

कारण रेजिनाच्या डोक्यात आता एवढंच होतं. हे माझ्या हातात आहे. हेही गेलं तर माझा हातच तसा. मग वाघोलीला जाऊनही काय करायचं?

दुपारची आन्जेलसच्या प्रार्थनेची चर्चची घंटा वाजून गेली. पिल्लू मांडीवर पडलेलं. श्वास लागायचा, थांबायचा, लागायचा. खालचा जबडा गळला. मार्था जवळ आली, वाकली, आणि तिचा चेहरा उतरला.

“थांब गो,” ती म्हणाली. “थांब, पाणी आणते.” आणि वळून अल्ताराकडे गेली.

रेजिनाने तिची पावलं ऐकली. कपाटाचं दार करकरलं. मेणबत्त्यांचा खोका सरकला.

ती थांबली नाही. बाजूला तांब्या होता. दूध पाजायचा बोळा तिने तांब्यात बुडवला. मांजराला बाप्तिस्मा नसतो हे तिला कळत होतं, म्हणून ते शब्द ती बोलली नाही. पण कुणाच्या तरी अंगावर वेळेत पाणी पडावं, एवढंच तिला हवं होतं. क्रूसाची खूण करायला तिने बोळा पिल्लाच्या कपाळावर टेकवला आणि खाली ओढला. आता माणसाचा क्रूस कपाळावरून छातीवर येतो. पिल्लू ते केवढं! बोळा कपाळावरून निघाला तो पोटावरून घसरत थेट शेपटीखाली जाऊन थांबला. रेजिनाने चूक झाली म्हणून तिथेच दोनदा पुसलं.

आणि पिल्लू मुतलं.

थोडंथोडकं नाही! लुगडं भिजलं, चटई भिजली, ओघळ निघाला तो उंबरठ्यावरून उतरून अंगणातल्या केळीच्या बुंध्याला लागला. पोट बघता बघता खाली बसलं. ताठ पाय सैल पडले. पिल्लाने एक लांब श्वास घेतला, तोंड मिटलं, आणि रेजिनाच्या बोटाशी गळ्यातल्या गळ्यात घुरघुर सुरू झाली. लांबून कुणीतरी जातं ओढावं तशी.

मार्था दारात उभी होती. हातात बाटली, बूच काढलेलं.

“जगलं,” ती पुटपुटली. “देवाने केलं. पाण्याने केलं.”

“हे आपलं तांब्यातलं पाणी आहे, आई,” रेजिना म्हणाली.

कितीतरी महिन्यांनी तिने ‘आई’ म्हटलं. आवाज चढवून नाही म्हटलं. पण त्या बोलण्यात खाट होती, सुईण होती, फडकं होतं, आणि मार्थाला सगळं ऐकू आलं.

मार्था तिथेच उंबऱ्यावर बसली. ओल्यात बसली. “तेव्हाही तिथेच होता गो,” ती म्हणाली. “मी त्याला ओलांडून गेले.”

नंतर दोघींनी डोकं लावलं. मनी पिल्लांना चाटायची ते दोघींनीही पाहिलं होतं. पाजून झालं की पोट चाटायची, शेपटीखाली चाटायची. आपल्याला वाटायचं स्वच्छ करते. ती स्वच्छ करत नव्हती, मुतवत होती. एवढं तान्हं पिल्लू आपलं आपण मुतूच शकत नाही, आईची ओली जीभ फिरली तरच मोकळं होतं. दूध आत किती गेलं ते सगळं घर बघत बसलं होतं. बाहेर काय येतंय ते बघायचं कुणाला सुचलं नाही.

तेव्हापासून दोन बोळे झाले. एक दुधाचा, एक कोमट पाण्याचा. पाजलं की पुसायचं. त्याचं नाव तांब्या पडलं; रंगावरून, असं लोकांना सांगायचं. त्याचे डोळे उघडले ते आधी निळे, धुरकट. मग ते उठून चालायला लागलं, शेपटी छपराच्या वाशासारखी उभी. चुलीतली राख एका पत्र्यात पसरून दिली तर आपल्या आपण उकरून बसलं, उरकलं आणि झाकलंही. एकदा चुकून कोपऱ्यात केलं तेव्हा ॲन्सेल्म त्याचं नाक त्यात घासायला निघाला. मार्थाने त्यालाच केरसुणी दाखवली. “तू किती वर्षांचा होईपर्यंत अंथरुणात करत होतास ते सांगू का हिला?”

खेळताना चावायला लागलं तसं रेजिनाने हात देणं बंद केलं. केळीच्या बुंध्याची साल, सोपट, दोरीसारखं वळून द्यायची. त्याच्यावर ते झडप घालायचं, मागच्या पायांनी लाथा झाडायचं, जणू साप मारलाय. दात आले तशी भातात उकडलेला मासा कुस्करून, काटे काढून. मार्थाने सुका बोंबील पुढे केला तर रेजिना म्हणायची, “खारट नको, आई.” मार्था तो स्वतः खायची आणि म्हणायची, “बरं झालं, मला मिळाला.”

मृतांचा दिवस आला. सिमेटरीत सगळीकडे झेंडू, मेणबत्त्या, माणसं. पाद्री थडग्याथडग्यांवर पाणी शिंपडत गेले. भिंतीकडच्या कोपऱ्यात फक्त दोन बायका होत्या. रेजिनाने फुलं ठेवली. मार्थाने कमरेवरचा तांब्या उतरवला आणि विहिरीचं पाणी त्या मातीवर हळूहळू ओतलं, सगळं. माती ते पीत होती.

घरी आल्यावर ट्रंक रिकामी झाली. लुगडी वर दांडीवर गेली, आणि ट्रंकेत तांब्या झोपायला लागला.

आता तुम्हाला वाटत असेल, या सांगणाऱ्या म्हातारीने मुताचा ओघळ केळीपर्यंत नेला, ती थाप. ती थाप नाही! ती केळ त्या वर्षी अशी घडाला आली की टेकू लावावा लागला. थाप दुसरीकडे आहे. मार्था उंबऱ्यावर बसली ते खरं. पण “मी त्याला ओलांडून गेले” असं ती बोलली नाही. काहीच बोलली नाही ती. तिने बाटलीला बूच लावलं, बाटली खाली ठेवली, रेजिनाच्या हातातला बोळा घेतला, तांब्यात बुडवला, आणि पिल्लाला पुसत बसली. कितीतरी वेळ पुसत होती. ते शब्द मी घातले, कारण त्याशिवाय तुम्हाला कळलं नसतं. रेजिनाला कळलं होतं.