दर रविवारी जाणारं नेट

"देऊन टाका हे डबडं कबाड्याले! पोरीचं तोंड दिसते, आन् बोलाच्या वक्ताले नेट गायब!"

माझ्या पडद्याजवळ वीतभर अंतरावर तोंड आणून सुशीलाबाई करवादल्या. मित्रांनो, ते डबडं म्हणजे मी. मी एक जुना कॉम्प्युटर आहे. पांढुर्ण्याला, सुशीलाबाई आणि नगरपालिकेतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान मोतीरामजी यांच्या घरातल्या समोरच्या खोलीत, क्रोशाचा रुमाल पांघरून बसलेला असतो.

माझा जन्म कुठल्या एका कारखान्यात झाला नाही. डबा एकीकडचा, पंखा दुसरीकडचा, पडदा तर नागपूरहून आलेला आणि आधीच कोणीतरी वापरलेला. बसस्टँडजवळच्या दुकानात गजेंद्रभाऊंनी मला जोडलं आणि म्हणाले, "घेऊन जा काका, पोरीच्या लग्नापर्यंत चालते." ती पोर म्हणजे पल्लवी. तिचं लग्न झालं तेव्हा माझी मुदत संपली. पण तसं मला कोणी सांगितलं नाही, म्हणून मी चालतच राहिलो.

माझेही चांगले दिवस होते. पल्लवीनं माझ्यावर कॉलेजचा अभ्यास केला, नोकरीचे अर्ज भरले. निकालाच्या दिवशी अर्धी गल्ली माझ्यासमोर उभी राहायची. मोहगावची आत्या मला पाहायला आली, तर चप्पल बाहेर काढून लांबच बसली. मग प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला. सुमेध, म्हणजे पल्लवीचा धाकटा भाऊ, माझ्या पडद्यावर मोजे वाळत घालू लागला. मी काही म्हटलं नाही. म्हणणार तरी काय!

पल्लवी पुण्याला गेली आणि माझे दिवस फिरले. "मोबाइलमंधी पोरीचं तोंड सुपारीएवढं दिसते," सुशीलाबाई म्हणाल्या, "मले मोठ्या पडद्यावर पाहिजे." मोजे निघाले. दर रविवारी विहारातली वंदना आटोपली की त्या पांढऱ्या साडीतच माझ्यासमोर खुर्ची ओढून बसू लागल्या.

तेव्हा मला एक दुखणं जडलं होतं, ते खरं. माझ्या पोटात नाण्याएवढा एक सेल असतो. त्याच्या जिवावर मी तारीख लक्षात ठेवतो. तो सेल मेला. मग लाइट गेली की मी सगळं विसरायचो आणि उठायचो तो थेट गजेंद्रभाऊंच्या दुकानातल्या वर्षात. गाणी वाजायची, चित्रं दिसायची, पण पल्लवीशी बोलण्याचा प्रोग्रॅम मात्र अडून बसायचा. 'जोडणी होत नाही', एवढंच लिहून दाखवायचा. घरच्यांनी काय नाही केलं! नेटचा डबा बंद-चालू केला. वायरींची टोकं जुन्या टूथब्रशनं घासली. मोतीरामजींनी तर रेडिओच्या सवयीनं मला दोन थापडाही दिल्या. शेवटी गजेंद्रभाऊ आले, हसले आणि सेल बदलून गेले. "तारीख मागची होती गा. त्याच्यानंच प्रोग्रॅम याले आत न घेता दारात उभा करून राहिला."

मी बरा झालो. पण माझ्या दुखण्याचं नाव घरात राहून गेलं. सुशीलाबाई अजूनही म्हणायच्या, "नेट गेलं." आणि बाकीचे दोघं माना डोलवायचे.

मित्रांनो, नेट जात नव्हतं. कोपऱ्यातली नेटची खूण मी दर वेळी पूर्ण भरलेली दाखवत होतो. पल्लवी गॅसकडे वळली, की इकडे सुशीलाबाई म्हणणार, "गेलं नेट." तिनं खोकताना तोंडावर हात घेतला, "गेलं." पल्लवी पुन्हा समोर पाहून बोलली, की, "हं, आलं आता." माझ्या माथ्यावर लहानसा कॅमेरा आहे. त्यातून मला सुशीलाबाईंचे डोळे दिसायचे. ते लेकीच्या डोळ्यांवर कधी नसायचे. ओठांवर असायचे.

हे काय मला एकट्यालाच दिसत होतं? मोतीरामजींनी परसातून हाक मारणं केव्हाच सोडलं होतं. ते समोर येऊन उभे राहायचे, मग बोलायचे. कुकरच्या शिट्ट्या झाल्या की सुमेध गुपचूप उठून गॅस बंद करायचा. विहारात तर, सुमेध बापाजवळ हळूच सांगत होता, बाकीच्या बायांची ओळ संपायच्या आधीच आई पुढची गाथा सुरू करते, आणि बाया बिचाऱ्या आपली ओळ तिथंच सोडून तिच्यामागं धावतात. इतकी वर्षं वंदना सांगणाऱ्या बाईला कोण काय म्हणणार?

माझं म्हणाल, तर मला बोलता येतं ते दुसऱ्याचं. स्वतःचं म्हणून माझ्यापाशी चार ठरलेले निरोप आहेत, त्यात हा निरोप नाही.

तेवढ्यात पल्लवीला दिवस गेले. दवाखाना पुण्याचा होता, म्हणून बाळंतपण तिकडेच ठरलं. बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की पल्लवी कामावर जाणार आणि दिवसभर बाळाजवळ आजी राहणार. सुशीलाबाईंनी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला घेतली. इतकं आनंदी तोंड त्या कॅमेऱ्यातून मी आधी पाहिलं नव्हतं.

मागच्या रविवारी पल्लवीनं विचारलं, "आई, तू आतमंधी कामात असली आन् बाळ इकडे रडलं, तर..." पुढचं बोलताना तिनं तोंड फिरवलं, बहुतेक डोळे पुसायला. सुशीलाबाई हसत बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "गेलं व माय नेट."

"हो न," मोतीरामजी म्हणाले, "लयच त्रास हाये नेटचा."

पल्लवीनं फोन ठेवला.

मित्रांनो, यंत्र बिघडलं म्हणायला कोणाची जीभ अडत नाही. आम्हाला खुशाल दोष द्या, आमचं काही जात नाही. पण आधी आमची धूळ पुसा, सेल पाहा, वायर पाहा. आणि एवढं करूनही भागलं नाही, तर घरातल्या माणसाच्या तोंडाकडेही एकदा नीट पाहा.

आज सुमेधनं तेच जुने उपाय पुन्हा केले. प्रोग्रॅम काढला, नवा टाकला, मला बंद करून उठवलं. या प्रोग्रॅममध्ये आवाज तपासायची सोय आहे. आपण दोन शब्द बोलायचे. ते दूर कुठंतरी जातात आणि तसेच परत येऊन आपल्याला ऐकू येतात.

"बोल आई. काहीबी बोल."

सुशीलाबाई पदर सारखा करून बसल्या. "पल्लवी, बाई, दुपटी शिवून झाली. मी येऊन राहिलो तुह्याकडे."

मी ते वाक्य जसंच्या तसं परत दिलं. एक अक्षर सांडू दिलं नाही. इतक्या मोठ्यानं, की ओट्यावर झोपलेलं कुत्रं उठून बसलं.

सुशीलाबाई वाट पाहत होत्या. "पाहा. नुसतं गुरगुर करून राहिलं. शब्द कुठी हायेत?"

सुमेधचा हात माउसवर तसाच राहिला. मोतीरामजी खिडकीबाहेर पाहू लागले.

"हे हिरवं काय हालून राहिलं गा?" सुशीलाबाईंनी पडद्यावरच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"आवाज," सुमेध म्हणाला. पण मान खाली घालून म्हणाला, आणि त्यांना त्याचे ओठ दिसले नाहीत.

"अजून लाव."

त्यानं लावलं. मी पुन्हा जीव तोडून बोललो. हिरवी पट्टी नाचली. सुशीलाबाईंनी सावकाश हात पुढे केला आणि माझ्या स्पीकरवर तळवा ठेवला. त्यांचंच वाक्य त्यांच्या तळव्याखाली थरथरत होतं. दुपटी शिवून झाली. मी येऊन राहिलो. वाक्य संपलं, तशी थरथर थांबली. तळवा तिथंच राहिला.

"मी काय म्हणतो," मोतीरामजी घाईनं त्यांच्या समोर येऊन म्हणाले, "सावरगावच्या बाजूनं वायर तुटली असंन. माकडं लय झाले तिकडे..."

"वायर राहू द्या, सुमेधचे बाबा," सुशीलाबाई म्हणाल्या. "नेट चांगलं हाये. मलेच आयकू येत नाही."