शिवबाईची चिमटी

शिवबाई कासारणीला बाईचं वय विचारावं लागत नसे. बांगड्या भरायला हात पुढं आला, की आधी ती हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडायची. कोवळ्या पोरीची कातडी लगेच जागेवर बसायची, लेकुरवाळीची जरा रेंगाळायची, आणि म्हातारीच्या हातावर घडी तशीच उभी राहायची. मग तिथं तेल लावून बेताबेतानं बांगडी चढवावी लागे. सोलापुरात गिरणीच्या चाळींतल्या वय चोरणाऱ्या बायका तिच्यापुढं हात करताना उगीच खोकायच्या, आणि शिवबाई गालातल्या गालात हसून सगळं पोटात ठेवायची.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर नागव्वा तिच्यापुढं बसली. दुधनीहून सून होऊन आलेली ही पोर अजून अंगानं पुरती भरलीही नव्हती, आणि श्रावणात शिवबाईनंच तिला बांगड्या भरल्या होत्या. शिवबाईनं चिमटी सोडली. घडी उभीच राहिली.

"उनातनं आलीस व्हय गं? पानी पी आदी."

नागव्वा तांब्याभर पाणी प्याली, शेजारणीशी हसली-बोलली, तरी घडी हलली नाही.

"काय बगताय, अव्वा?"

"कुटं काय," म्हणत शिवबाईनं तेलाची बाटली काढली.

पुढच्या चाळीतही तेच झालं. आपली बोटंच कामातून गेली असतील, अशी तिनं मनाची समजूत घातली. पण त्याच चाळीतल्या सोनाबाईच्या दोघी लेकींचे हात एकदम समोर आले, तेव्हा ती समजूत मोडली. धाकटीनं श्रावणात मामाच्या गावी बांगड्या भरल्या होत्या. तिची कातडी झटक्यात बसली. थोरलीनं भरल्या होत्या त्या शिवबाईकडून, आणि तिच्या हातावर म्हातारीची घडी होती. शिवबाईनं बांगड्या न भरताच पेटी मिटली आणि ती तडक घरी आली.

ती भ्याली, लहान पोरासारखी भ्याली. तुळशीचं लग्न झालं की तिच्या एकुलत्या एका लेकीचं, बजाचं लग्न होतं. बजा आषाढापासून कुर्डुवाडीला मावशीच्या बाळंतपणासाठी गेली होती, ती आता परतली. शिवबाईनं तिला दारातच थांबवून स्वतःच्या हाताला चिमटा घ्यायला लावला. कातडी जागच्या जागी बसली, आणि शिवबाईला हायसं वाटलं. त्या दिवसापासून ती लेकीचं ताटसुद्धा लांबून सरकवू लागली.

चुडा भरायच्या दिवशी तिनं दुसऱ्या पेठेतल्या गोजाबाई कासारणीला बोलावून घेतलं आणि स्वतः पदराखाली हात घेऊन भिंतीला टेकून बसली.

बजाचे डोळे भरून आले. "आये, समद्या गावाला चुडा भरतीस आन् माज्याच हाताला हात लावंना झालीस. माजं काय चुकलं गं?"

"तुजं काय बी न्हाय, माजे बाय. माजी बोटं लई दुकत्यात."

"लेकीच्या चुड्याला कसली आलीत दुकनी?" गोजाबाई पुटपुटली, पण चुडा तिनं झकास भरला. बजाचे ते टवटवीत, हिरवे हात बघून शिवबाईचा जीव भांड्यात पडला. लेकीची नाराजी तिनं आनंदानं सोसली.

पाठवणीच्या वेळी मात्र बजाला राहवलं नाही. सासरच्या बैलांच्या दमणीत चढता चढता ती मागं फिरली, धावत आली, आणि शिवबाई मागं सरायच्या आत तिनं पदराखालचे आईचे दोन्ही हात ओढून काढून आपल्या गालांवर दाबून धरले. शिवबाईनं हात सोडवायचा प्रयत्न केला. पोर हुंदके देत होती आणि तिची मिठी घट्ट होती. चार बायका म्हणाल्या, "रडू द्या वो तिला."

रडून रडून बजा शांत झाली, दमणीत जाऊन बसली, आणि आईला डोळ्यांत प्राण आणून आपल्याकडं बघताना पाहून तिची समजूत घालावी तशी हसली. दमणी हलली. बजाचं हसू ओसरलं. गालांवरच्या घड्या तेवढ्या तशाच उभ्या राहिल्या.