उमाबाईच्या गळ्यावरची पट्टी

परळीच्या वैजिनाथाच्या पायरीवर हात ठेवून सांगते, यातला शब्द न शब्द खरा हाय. पटत नसल त्यानं सिरसाळ्याला जावं आन् उमाबाईच्या किराणा दुकानात इचारावं.

उमाबाईला जेवताना ठसका लागायचा. पाणी पेलं तरी ठसका. डॉक्टर म्हणला, घास भलत्या वाटंनं फुप्फुसात जातोय का ते कळंस्तोवर नुसती पेज प्यायची. धपाट्याबिगर जिची सकाळ उजाडत न्हाई, तिला पेज. बाई निम्मी झाली.

तवा नात आली, रुद्राणी, संभाजीनगरला शिकती ती. डबीत एक पट्टी घिऊन आली, कांद्याच्या पापुद्र्यावानी पातळ.

"आज्जी, ही गळ्याला चिकटवायची. तू गिळलं की ही दबती, दबली की इवलीशी वीज निघती आन् मोबाइलवर रेघ उठती. घास कसा जातो ते डॉक्टरला दावू."

"शेल कुठंय हिचा?"

"शेल लागत न्हाई."

इथंच उमाबाईच्या मनात पाल चुकचुकली. बिनशेलाची वीज देती, म्हंजे ह्यात काहीतरी जित्याचं हाय. "कशाची केलीस गं?"

"रेशमाची."

उमाबाईनं मान हलवली, पण डोळे बारीकच. लिंगायत बाई, गळ्यात इष्टलिंग. रोज हातावर घिऊन पूजा करणारी बाई, अंडं शिजल्यालं घर ओलांडत न्हाई. लिंगाच्या वर चार बोटं काय चिकटणार, ते कळाया नको?

दुपारी पोरगी गच्चीवर गेली तशी उमाबाईनं डबी उघडली. जित्याचं असंल तर जाळल्यावर वासानं कळंल म्हणून कात्रीनं पट्टीचा कोपरा कापला. तेवढ्यात वरून आवाज आला. रुद्राणी फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "शिवांजली, माशाच्या खवल्याची पट्टी लई झकास चालली बघ."

उमाबाईच्या अंगाला घाम फुटला. कोपरा चिमट्यात धरून गॅसवर नेला. जळालेल्या केसाचा वास घरभर झाला.

"वैजिनाथा, हिकडं ये," तिनं दुकानातल्या लेकाला हाक मारली. "तुझ्या लेकीनं माझ्या गळ्यात मासा बांधाया आणलाय."

"माय, हा तर केस जळल्यावानी वास हाय."

"माशाला केस असत्यात का न्हाई मला काय ठाव. मी कुठं बघितलाय."

रुद्राणी खाली आली. चिमटा बघितला, डबी बघितली. "आज्जी, तुझं पूजेचं रेशमी पातळ आण. त्याचा एक धागा जाळ."

"आणते की. पडू दे तुझं खोटं उघडं."

धागा जळाला. वास तोच. उमाबाईनं दोनदा हुंगला आन् पातळाकडं अशी बघाया लागली, जसं त्यानं तिला जन्मभर फसवलं. "वैजिनाथा, तुझा बाप स्वस्तातलंच बघायचा."

"पातळ अस्सल हाय, आज्जी," रुद्राणी म्हणली. "केस, रेशीम, खवले, समदं प्रथिनांचं. म्हणून वास सारखा. खवल्याची पट्टी शिवांजलीनं केली. माझी पाटोद्याच्या रेशीमकिड्यांच्या शेडमधल्या फुटक्या कोशांची."

"फुटके कावून?"

"पाखरू कोश फोडून निघून गेलं की त्याचा सलग धागा निघत न्हाई. बाजारात कुणी घेत न्हाई. म्या आणले."

"आन् माझं पातळ?"

रुद्राणीनं बापाकडं बघितलं. बापानं पंख्याकडं.

"त्यातले किडे कोशासकट उकळत्या पाण्यात गेलते, आज्जी."

उमाबाईनं पातळ उचललं. पातळाची घडी केली आन् पेटीच्या तळाशी सारली. मंग गळा पुढं केला. "लाव. माझ्या पातळापरीस हीच सोवळी निघाली. पण मोबाइल माझ्या हातात राहील. आन् धपाट्याचा तुकडा आण, पेजंवर काय कळतंय."

पहिल्या घासाला रेघ दोनदा उठली, म्हंजे घास एका दमात गेला न्हाई, आन् ठसका लागला. "हनुवटी छातीला टेकवून गिळ," रुद्राणी म्हणली. रेघ एकदाच उठली. ठसका न्हाई. डॉक्टरनं रेघा बघितल्या, सोता तपासलं आन् धपाटे चालू केले, मान खाली घालून खायच्या अटीवर. कुणापुढं मान न वाकवणारी बाई आता धपाट्यापुढं वाकवती.

समदं खरं हाय, एक कात्री सोडून. कात्री मी घातली. उमाबाईनं त्यो कोपरा सुईतला दोरा तोडावा तसा दातानं तोडला, निम्मा पोटात गेला, आन् मंग माशाचं कानावर आलं. म्हणून तर घाम फुटला. झालं काय बी न्हाई. रुद्राणी म्हणतीच, ही पट्टी अंगात गेली तरी अंगाला सोसती. गंमत म्हंजे मान न वाकवता तेवढा एकच घास बाईनं बिनठसक्याचा गिळला.