करवंदांची ब्लॅकबेरी

२००३ सालचा डिसेंबरचा अंक मनस्विनीने टेबलावर आपटला. रत्नागिरीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता शिकवता ती मुंबईच्या या मासिकात वाइनवर लिहायची. आधी तिने आम्लतेचे आकडे दिले, तर संपादक म्हणाला, "हा लॅबचा रिपोर्ट झाला." म्हणून या वेळी तिने लिहिलं, पिकल्या करवंदांचा वास येतो. त्या शहाण्याने परस्पर करवंदं काढून ब्लॅकबेरी छापली! उभ्या जन्मात तिने ब्लॅकबेरी पाहिली नव्हती, आणि खाली नाव मात्र तिचं.

चडफडत तिने तीच वाइन पुन्हा ग्लासात ओतली. तेवढ्यात तिचे वडील आत आले. आप्पा दारूला कधी शिवलेले नव्हते. दारातच थबकून त्यांनी वास घेतला.

"भर थंडीत करवंदं कुठून आणलीस गो?"