दहापैकी दहा

जयप्रकाश मूळचा लातूरचा. लातूरच्या माणसाला पाठांतर शिकवावं लागत नाही, ते त्याच्या अंगातच असतं. दहावी असो, बारावी असो, यानं आधी जुन्या प्रश्नपत्रिका गोळा करायच्या, घोकून घोकून पाठ करायच्या आणि मार्क ओढायचे. त्याच जोरावर इंजिनिअर झाला, त्याच जोरावर नेदरलँड्सला आला आणि उइटहॉर्नला घर घेऊन राहिला. हेच पाठांतर एक दिवस पोटच्या पोराच्या मुळावर येईल असं कुणी म्हटलं असतं, तर यानं त्याला वेड्यात काढलं असतं.

पोरगा म्हणजे मल्हार. क्रिकेटला नेला तर सीमारेषेवर बसून गवत उपटायचा. तेराव्या वर्षी शाळेतल्या मित्राबरोबर अमेरिकन फुटबॉल बघायला गेला आणि तिथलाच झाला. नाव फुटबॉल, पण पायाचं काम कमी आणि अंगाचं जास्त. मल्हार रनिंग बॅक. म्हणजे चेंडू याच्या पोटाशी द्यायचा आणि यानं समोरच्या माणसांत घुसून पळायचं, कुणीतरी आडवा करेपर्यंत. आणि मल्हारला आडवा करायला एक माणूस कधी पुरलाच नाही. शहाण्णव किलोचं पोर! दोघं कमरेला लटकलेत, एक पायाला, आणि हा आपला आणखी चार पावलं पुढे. त्याची आई मृणालिनी डोळे मिटून घ्यायची. जयप्रकाश मात्र क्लबसाठी प्रत्येक मॅचचं शूटिंग करायचा, आणि मल्हार सुटला की त्याचा कॅमेरा हलायचा. एकविसाव्या वर्षी जर्मनीतल्या एका क्लबनं विचारणा केली. पगारी खेळाडू म्हणून.

आता त्या कागदाचं सांगतो. हंगामाच्या आधी प्रत्येक खेळाडूची तपासणी व्हायची. क्लबच्या डॉक्टर हूकस्त्रा बाई दहा शब्द वाचून दाखवायच्या आणि खेळाडूनं ते आठवून सांगायचे. उद्या डोक्याला मार बसला तर पुन्हा तेच विचारायचं, म्हणजे फरक कळतो. दोन वर्षांपूर्वी मल्हारला सहा शब्द आठवले. बाई म्हणाल्या, छान, बहुतेकांचं इतकंच असतं. पण लातूरच्या माणसाला दहापैकी सहा सहन होतात का? जयप्रकाशला ते इतकं लागलं की टेबलावरच्या कागदाचा त्यानं गुपचूप फोटो काढला. क्लबात वर्षानुवर्षं तोच कागद चालायचा. शब्द डच, पण यानं त्यांची मराठीत गोष्ट रचली: पुलावर लिंबू पडलं, लिंबात किल्ली निघाली, किल्ली घोड्यानं गिळली, घोडा खिडकीतून आत आला... असं करत दहाव्या शब्दापर्यंत, कांद्यापर्यंत. सरावाला जाताना गाडीत रोज ही गोष्ट ऐकवायचा आणि शब्द म्हणून घ्यायचा. मल्हार हसून हसून बेजार व्हायचा. मराठी त्याला सगळं कळायचं, उत्तरं मात्र डचमध्येच. पुढच्या हंगामात दहापैकी दहा आले आणि घरी श्रीखंड झालं. यात फसवणूक आहे हे जयप्रकाशच्या डोक्यातही आलं नाही. परीक्षा होती, मार्क वाढवले, संपलं.

एप्रिलमधल्या मॅचला मल्हारच्या डोक्यावर दोन्हीकडून हेल्मेट आदळली. तो उठला, अंगावरचं गवत झटकलं आणि भलत्याच संघाच्या बाकाकडे चालायला लागला. हूकस्त्रा बाईंनी त्याला बाजूला घेतलं आणि दहा शब्द विचारले. मल्हारनं घडाघडा सांगितले, एकही न अडखळता. बाईंनी आणखी दोन गोष्टी तपासल्या आणि खेळायला जा म्हणाल्या.

हे आठवलेलं नाही, पाठ केलेलं आहे, हे कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या जयप्रकाशला कळलं. बोलावं असं त्याला वाटलं. खरंच वाटलं. पण जर्मनीच्या त्या क्लबचा माणूस वही घेऊन पुढच्याच रांगेत बसला होता. मॅच संपल्यावर सांगू, असं याचं ठरलं. सहा मिनिटांनी मल्हार पुन्हा पडला आणि या वेळी उठला नाही.

अकरा दिवस हॉस्पिटल. त्यानंतरचे सात महिने कसे गेले ते त्या घरालाच ठाऊक. एवढा धिप्पाड पोरगा पडदे ओढून बसायचा. सुपरमार्केटला सायकलनं जायचा आणि सायकल तिथंच विसरून पिशव्या घेऊन पायी परत यायचा. थकला की तेच तेच विचारायचा. मृणालिनी न चिडता दर वेळी उत्तर द्यायची आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायची. इतकं कसं लागलं, डॉक्टरांनी सोडलंच कसं, असं ती विचारायची तेव्हा जयप्रकाश दुसरीकडे बघायचा. त्याला सांगायचा धीर झाला नाही. दिवस गेले तसा तो धीर आणखीच कमी होत गेला.

नोव्हेंबरात फेरतपासणी आली. जर्मनीवाले अजून थांबले होते. हूकस्त्रा बाईंनी हो म्हटलं की जानेवारीत मल्हार तिकडे जाणार. डोकं दुखत नाही, असं मल्हार सगळ्यांना सांगायचा, आणि गोळ्यांची पाकिटं जयप्रकाशला त्याच्या बुटांत सापडायची.

स्कॅन स्वच्छ होता. एका पायावर उभं राहणंही जमलं. मग बाईंनी तो कागद काढला आणि शब्द वाचायला लागल्या, एकेक, सावकाश. त्यांची नजर कागदावर होती. जयप्रकाशची पोराच्या ओठांवर. ओठ बाईंच्या पुढे धावत होते. बाई किल्लीवर होत्या तेव्हा मल्हार खिडकीपर्यंत पोचला होता.

दहापैकी दहा. बाई खुलल्या. इतकी चांगली सुधारणा त्यांनी क्वचितच पाहिली होती. मल्हारनं वळून बापाकडे पाहिलं आणि सात महिन्यांत पहिल्यांदा मनापासून हसला. बाईंनी सही करायला पेन उचललं.

हसू दे की त्याला, असं जयप्रकाशला वाटलं. मग त्याला तो बाकाकडे चाललेला मल्हार दिसला, गवत झटकत, भलत्याच बाकाकडे.

"थांबा, डॉक्टर," तो म्हणाला. "हे शब्द मी त्याच्याकडून पाठ करून घेतलेत."

"कधी?" बाईंनी विचारलं.

"एप्रिलच्याही आधी."

बाईंनी पेन खाली ठेवलं.  मग खोलीत इकडेतिकडे बघत त्यांनी नवे दहा शब्द मनानंच काढले आणि मल्हारला विचारले. मल्हारनं डोळे मिटले, कपाळावर घाम आला. तीन सांगितले. पाच मिनिटांनी पुन्हा विचारले तेव्हा एकच. आता पुन्हा मैदान नाही, बाई हळू आवाजात म्हणाल्या, कधीच नाही. मल्हारचे मोठे मोठे हात मांडीवर तसेच पडून राहिले.

गाडीत तो बाहेर बघत बसला होता. अ‍ॅमस्टेलव्हीन मागे पडलं. मग तो बोलला, आणि बोलला तो मराठीत. नर्सरीत जायला लागल्यापासून तो बापाशी मराठीत बोलला नव्हता.

"बाबा, एप्रिलमध्ये का नाही बोललास?"

जयप्रकाशनं गाडी कडेला घेतली. सगळं सांगितलं. सहा मार्कांची लाज, तो फोटो, पुढच्या रांगेतला माणूस, मॅचनंतर सांगू म्हणून गिळलेले शब्द. भीती वाटली म्हणून नाही बोललो, बाळा, माझं चुकलं, असं म्हणताना तो स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडला. मल्हारही रडला. मग त्यानं बापाच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात जयप्रकाशला सोसवेना. आता आईलाही सांगायचं, असं दोघांनी ठरवलं आणि गाडी निघाली.

उइटहॉर्नच्या वळणावर मल्हारनं काचेवरून डोकं उचललं. तो फार थकला होता.

"बाबा," तो म्हणाला, "एप्रिलमध्ये का नाही बोललास?"

आवाज तोच, शब्द तेच. प्रश्न त्याच्याजवळ राहिला होता, उत्तर राहिलं नव्हतं. जयप्रकाशनं गाडी पुन्हा कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.