सांगवीचं लुगडं

ते १९९४ साल होतं. माझी भाची इरा पुण्यात मानसशास्त्रात संशोधन करत होती. म्हाताऱ्या माणसांना मरणाची भीती किती वाटते आणि ती कशामुळे कमीजास्त होते, हा तिचा विषय. शहरातल्या माणसांना विचारून झालं होतं, आता खेड्यातली हवी होती. मी निमगाव केतकीच्या शाळेत बरीच वर्षं शिकवून निवृत्त झाले होते आणि बारामतीला राहत होते. ओळखीपाळखीसाठी ती मला सोबत घेऊन निघाली.

पहिल्या दिवशी जेवढ्यांना विचारलं, तेवढ्यांनी एकच उत्तर दिलं. भ्या कसलं, देवानं आज न्यावं. इरा खूश झाली. देवाधर्माच्या माणसाला भीती कमी वाटते, असं तिच्या पुस्तकांत होतंच.

मी म्हटलं, "अगं, शेजारी सून उभी असताना म्हातारी दुसरं काय सांगणार?"

मग आम्ही सारजाबाईंकडे गेलो. त्यांचा मुलगा बापूसाहेब माझा विद्यार्थी. सारजाबाईंच्या सासऱ्यांच्या काळातली मेंढरं केव्हाच विकली होती. आता थोडा ऊस होता आणि बापूसाहेब साखर कारखान्यात कामाला होता. सून सिंधू दाराशी उभी राहून ऐकत होती.

"आजी, आपण गेल्यावर काय होईल, असा विचार येतो का मनात?" इरानं विचारलं.

"काय हुतंय? चौघं उचलून नेत्यात. चालत तर जा म्हनत न्हाईत."

सिंधू हसली आणि चहा टाकायला आत गेली. सारजाबाई लगेच पुढे सरकल्या.

"बाई, तुमच्या कागदात लुगड्याचं काय न्हाय व्हय?"

इराला कळेना. मी सांगितलं की बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं पडावं लागतं, आणि ते भावानं आणायचं असतं.

सारजाबाईंचा भाऊ बिरदेव सांगवीला. त्याची पहिली दोन मुलं दगावली, म्हणून तिसरीचं नाव दगडाबाई ठेवलं, काळाची नजर तिच्यावर पडू नये म्हणून. भावाची मुलगी बहिणीच्या घरी द्यायची, हे पाळण्यातच ठरलेलं. पण कारखान्यात नोकरी लागल्यावर बापूसाहेब अडून बसला. दगडाबाई नावाची बायको नको म्हणाला आणि पिंपळीची सिंधू करून आणली. लग्नाच्या मांडवात येऊन बिरदेव बहिणीला सांगून गेला, तू मेलीस तरी मी येणार नाही. तेव्हापासून त्याचं पाऊल इकडे वळलं नव्हतं.

"मरायचं भ्या न्हाय बाई," सारजाबाई हळूच म्हणाल्या. "पन सासरचंच लुगडं पांघरून गेले, तर लोक म्हंतील हिला मागं कुनी न्हवतंच. आन् हे सुनंम्होरं कसं बोलू? तिच्यापायीच तर सगळं झालं."

इराच्या प्रश्नांत हे कुठेच बसत नव्हतं. आम्ही चहा घेतला आणि निघालो.

चांगल्या धडधाकट माणसाला मरणाचं कोणी विचारत नाही. अंथरुणाला खिळलेल्यालाच विचारतात, काही इच्छा राहिली का म्हणून. दोन शिकलेल्या बायका सारजाला तसं विचारून गेल्या, एवढंच गावानं पाहिलं. ते सिंधूच्या पिंपळीपर्यंत गेलं आणि तिथून बारामतीच्या बाजारातून सांगवीला.

पुढच्या आठवड्यात राहिलेली माणसं गाठायला आम्ही पुन्हा गेलो. सारजाबाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. आम्हीही फोडू लागलो. तेवढ्यात खांद्यावर घोंगडं घेतलेला एक म्हातारा आत आला. मागे त्याची लेक. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. सारजाबाईंना पाहून तो जागीच थांबला.

"आगं, तू बसलीस व्हय?"

"मग काय उभी ऱ्हाऊ? ये."

"पिंपळीची मानसं म्हनत्यात, सारजीचं काय खरं न्हाय. डाक्टरनी येऊन इच्छा इचारून गेल्या."

"ह्या बघ डाक्टरनी. शेंगा फोडाय बसवल्यात. हातात काय हाय?"

बिरदेवनं पुडकं पाठीमागे धरलं. "काय न्हाय."

"लुगडं हाय न्हवं? दे."

"जित्या मानसाच्या हातात देत्यात का हे?"

"आबा, घरी तरी कुठं नेता येतंय?" दगडाबाई म्हणाली. "मयताचं लुगडं माघारी आनलं तर आई उंबरा वलांडू देनार न्हाय."

"मी नेसते की," सारजाबाई म्हणाल्या. "मेले म्हंजी दुसरं आन. एकात सुटलास आसं समजू नगंस."

बिरदेव घोंगडं टाकून बसला. सिंधू पाणी घेऊन बाहेर आली आणि दगडाबाईकडे बघत राहिली.

"मी दगडाबाई."

"ठावं हाय. चपाती करपली की नाव ऐकतीया तुमचं."

दगडाबाई हसली. सिंधूनं तांब्या तिच्या हातात दिला. सारजाबाई जांभळं लुगडं नेसून आल्या तेव्हा बिरदेव मला म्हणाला, "बाई, ह्या लुगड्याचा भाव करत न्हाईत म्हून दुकानदार म्हनंल तेवढं दिलं. आन् ही बगा, मिरवतीया."

वर्षभरानं इरानं त्याच माणसांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. या वेळी सारजाबाईंनी सुनेसमोरच सांगितलं, "आता वाटतं जरा भ्या."

"मागं तर नाही म्हणाला होता."

"तवा येतंजातं कोन हुतं?"

इराचे मार्गदर्शक चिंतामण सर म्हणाले, वय वाढलं की भीती वाढते, तेवढंच लिहा. इरानं सारजाबाईंचं उत्तरही लिहिलं, आणि त्यावरून दोघांत पुष्कळ वाद झाला. प्रबंध उशिरा का होईना मंजूर झाला. सर आता हयात नाहीत. इरा नागपूरला शिकवते. प्रश्न विचारण्याआधी घरच्यांना बाहेर पाठवा, असं विद्यार्थ्यांना सांगते. मला फोन करते तेव्हा औषधं विचारते, तो प्रश्न विचारत नाही.

बिरदेव १९९८ मध्ये गेला, बहिणीच्या आधी. त्याच्या दहाव्याला सिंधूच सासूला धरून सांगवीला घेऊन गेली. बापूसाहेब कारखान्यातून निवृत्त झाला आहे. सिंधूचे गुडघे दुखतात.

सारजाबाई २००२ मध्ये गेल्या. मी गेले होते. लुगड्यासाठी सगळे खोळंबले होते. एसटीतून दगडाबाई उतरली, काखेत पुडकं. ते घ्यायला बापूसाहेब स्वतः फाट्यापर्यंत चालत गेला होता.