पिसाची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. लाकडी मुठीला धरून हाताने वाजवायची. ज्या दुपारी आमच्या मावशी गेल्या, त्या दुपारी मी घरी नव्हते. मी एका कलादालनात पांढऱ्या चौथऱ्यावर बसून कौतुक करून घेत होते.

तीन वाजून गेले होते. मावशींची लेक माझ्याशेजारी उभी राहून दोन पाहुण्यांना काहीतरी समजावत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. "हो बाबा," ती म्हणाली. तिने मला उचललं, पिशवीत टाकलं आणि ती पळत सुटली. वाटभर मी पिशवीत हिंदकळले, पण माझ्या आतून एकही टोल निघाला नाही. तो का निघाला नाही, हे सांगताना मला आजही मान वर करवत नाही.

माझा आवाज पूर्वी फार मोठा होता. एका ओताऱ्याने मला वाळूच्या साच्यात ओतलं. पहिल्या खेपेला काठाला चीर गेली, म्हणून त्याने मला पुन्हा वितळवलं. दुसऱ्या खेपेला वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "हिचा गळा शेजारच्या गल्लीत भांडण लावील."

तिथून मी एका शाळेत गेले. मावशी त्या शाळेत शिपाई होत्या. सव्वीस वर्षं त्यांनीच मला वाजवलं. सकाळी फाटकाकडून कोणी धापा टाकत येताना दिसलं, की त्या मुद्दाम दोन टोल जास्त द्यायच्या. मूल ओळीत पोचलं की थांबायच्या.

"मावशी, घंटा आज लांबली," हेडमास्तर म्हणायचे.

"हात अवघडला होता, सर."

"रोज अवघडतो!"

"वय झालं ना, सर." तेव्हा त्या तीस वर्षांच्याही नव्हत्या.

पुढे शाळेत विजेची घंटा आली आणि मी फाटक्या नकाशांच्या कपाटात गेले. पाच वर्षं मला कोणी हात लावला नाही. मावशी निवृत्त झाल्या तेव्हा त्यांना विचारलं, भेट काय हवी? त्यांनी मला मागून घेतलं.

दोन वर्षांनी मावशींचं हृदय थकलं. आतल्या खोलीत त्यांची खाट पडली आणि खाटेशेजारच्या स्टुलावर मी. बाहेरच्या खोलीत त्यांचे यजमान शिवणकाम करायचे. ते शिंपी, शाळांचे गणवेश शिवायचे. लेकीप्रमाणे मीही त्यांना बाबाच म्हणते. त्यांचं पायमशीन मालगाडीसारखं खडखडायचं, पण माझा एक टोल झाला की थांबायचं.

"काय गं, काय हवंय?"

"काही नाही. थांबताय का ते पाहिलं."

"अगं, माझी शिवण वाकडी गेली ना!"

"मग उसवा. तेवढाच व्यायाम."

लेक कलामहाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होती. दर रविवारी ती एखाद्या कलादालनात जायची, वहीत चित्रं उतरवून आणायची आणि आईच्या उशाशी बसून दाखवायची. एकदा तिने एक मोठा मासा दाखवला. त्याच्या पोटात जिना होता.

"माशाला जिना कशाला गं?" मावशींनी विचारलं.

"आई, हा अतिवास्तववाद आहे. स्वप्नात नाही का, नको तिथे नको ती वस्तू असते आणि आपल्याला काहीच वाटत नाही? तसं. कशाला म्हणून विचारायचं नसतं."

"मग बरं. आमच्या हेडमास्तरांनाही विचारायचं नसे."

दोघी खूप हसल्या. त्या वर्षी सरांनी काम दिलं होतं, की घरातली रोजची वस्तू अशी करा की घरच्यांनाही ती अनोळखी वाटावी. लेक बरेच दिवस अडून बसली होती. एका सकाळी तिची नजर माझ्यावर थांबली.

"आई, घंटा नेऊ? बाराला परत आणते."

"ने की. मी काय तेवढ्यात पळून जाते?"

"आणि बाबा?"

"त्यांना नको सांगू. भित्रे आहेत. दारात ठाण मांडून बसतील आणि गणवेश राहतील."

लेकीने माझ्या जागी एक स्टीलची वाटी आणि चमचा ठेवला. मावशींनी वाटी वाजवून पाहिली. "ऐकू येतंय की," त्या म्हणाल्या. त्या वेळी बाबा अंघोळीला गेले होते. मशीन बंद होतं. हे आम्हा तिघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही.

कलादालनात त्या दिवशी सगळ्यांच्या कामांचं प्रदर्शन होतं. तिथे लेकीने माझ्या आतला लोलक काढला आणि त्याच्या जागी दोऱ्याने एक पांढरं पीस बांधलं. लोक मला हलवायचे, कान लावायचे आणि हसू लागायचे. सर म्हणाले, "बारा वाजले म्हणून काय झालं? हे संध्याकाळपर्यंत राहू दे." लेक घड्याळाकडे बघून थांबली. मित्रांनो, मलाही थांबायचं होतं. पाच वर्षं कपाटात आणि दोन वर्षं औषधांच्या वासात काढली होती. मी फुशारून गेले होते. घरी कोणी मला शोधत असेल, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा घरात शेजारीपाजारी जमले होते. त्या गर्दीत लेकीने मला गुपचूप स्टुलावर ठेवलं. वाटी तिथेच होती. चमचा नव्हता.

"औषध द्यायला गेलो तर चमचा खाली पडलेला," बाबा त्यांच्या बहिणीला, लेकीच्या आत्यांना सांगत होते. "औषधाचाच असेल, म्हणून मोरीत टाकला." लेकीने ते ऐकलं आणि ती भिंतीला धरून खाली बसली. सगळ्यांना वाटलं, आईसाठी बसली.

डॉक्टर म्हणाले, फार वेळ मिळालाच नसता. फार म्हणजे किती, ते कोणी विचारलं नाही.

बाबांनी मात्र मला पाहिलं. सकाळपासून माझ्या जागी वाटी होती, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. "ताई," ते आत्यांना म्हणाले, "तिने घंटा वाजवली असणार. शाळेच्या मैदानापलीकडे जायचा तो आवाज, आणि मला मधल्या भिंतीतून ऐकू आला नाही."

"अरे, असं मनाला लावून घेऊ नकोस. वयाने कान जातात."

तेव्हापासून बाबांनी मशीनवर पाय ठेवलेला नाही. गणवेश हाताने शिवतात. मागच्या आठवड्यात ते कान तपासून आले. लेक दारातच उभी होती.

"काय म्हणाले, बाबा?"

"कान ठणठणीत आहेत म्हणे." ते बराच वेळ चपला काढत राहिले. "म्हणजे मला ऐकू आलं असेल. एवढी बाही संपवून उठतो, असं म्हणालो असेन."

"बाबा, तसं नाही..."

"मग कसं?"

लेक आत वळली. मग म्हणाली, "पाणी आणते." मी समोरच होते. बाबांनी मला एकदा हातात घेऊन हलवलं असतं, तरी सगळं कळलं असतं. पण ते मला हात लावत नाहीत. लेक रोज सकाळी माझ्यावरची धूळ पुसते, तीही मला न उचलता.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं शेवटी सांगायची रीत आहे. मला ते सांगण्याचं तोंड नाही. एवढंच सांगते, घरातली वस्तू न्याल तर सगळ्यांना सांगून न्या. आणि न सांगता नेलीत, तर निदान परत आल्यावर सांगा. न सांगितलेली चूक जागेवर राहत नाही. ती दुसऱ्याच्या अंगाला चिकटते.

लोलक लेकीच्या रंगपेटीत, कोळशाच्या कांड्यांखाली आहे. पीस अजून माझ्या आत आहे. बाबांना अजून कोणी सांगितलेलं नाही.